करप्याचा पिवळा आणि जिफचे २५६ रंग

यावल तालुक्यातल्या एका शेतकरी गटाने गेल्या पावसाळ्यात केळीवरच्या करप्याचं एक जिफ, म्हणजे आपोआप हलत राहणारं चित्र, बनवून घेतलं होतं. पान तेच, जागा तीच, आणि दोन-तीन दिवसांआड काढलेले फोटो एकामागून एक. रोग पानावर कसा चढत जातो ते बसल्या जागी दिसावं, एवढाच हेतू. गटाचं काम पाहणारी ताई बीएस्सी ॲग्री झालेली. फोटो तिनेच काढलेले. गावोगावच्या बैठकांत लॅपटॉप आणि प्रोजेक्टर लावून ती ते दाखवायची. एका बैठकीत पुढच्या रांगेतल्या आप्पांनी सरळ विचारलं, "माले तं पिवयं काहीच दिसत नही. आन् हे चांगल्या पानावर ठिपके कशाचे?"

त्या दोन वाक्यांत सगळं दुखणं आलं. जे दिसायला हवं ते पुसलं गेलं होतं, आणि जे पानावर नव्हतंच ते उमटलं होतं. सुप्रभातच्या जिफमधला गुलाब थोडा फाटला म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. इथे चित्र खोटं सांगत होतं, तेही रोगाबद्दल. ताई ती फाइल घेऊन भुसावळला माझ्याकडे आली. फ्लेक्स, पत्रिका, छोटे व्हिडिओ हे माझं रोजचं काम, आणि आमच्या धंद्यात येणाऱ्या गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "भाऊ, हे एचडी करून द्या ना." ताईचंही तेच होतं, फक्त "भाऊ"च्या जागी "दादा".

पिवळ्यावर एवढा जोर का

करपा म्हणजे सिगाटोका. नाव फिजीतल्या सिगाटोका खोऱ्यावरून पडलेलं. आपल्याकडे तापीकाठच्या केळीपट्ट्यात पावसाळी दमट हवा लागली की तो हटकून डोकं वर काढतो. रोग बुरशीचा. सुरुवातीला पानावर फिकट पिवळसर रेघा येतात, बाजूच्या शिरांना समांतर, लांबीला जेमतेम एक-दोन मिलिमीटर. मग त्या लांबतात, तपकिरी होतात, दोन्ही टोकांना निमुळते ठिपके तयार होतात. ठिपक्याभोवती पिवळी कडा धरते, मधला भाग राखाडी पडून वाळतो. ठिपके एकमेकांत मिसळले की पानच करपतं, आणि पानं गेली की घड नीट पोसत नाही.

तपकिरी ठिपका ओळखायला रावेर-यावलच्या शेतकऱ्याला जिफ लागत नाही. तो बघतच मोठा झालाय. ताईला दाखवायची होती ती त्याच्या आधीची रेघ, कारण रोगट भाग कापून बागेबाहेर काढायचा आणि फवारणीचं ठरवायचं, तर तेव्हाच त्याचा उपयोग. म्हणजे अख्ख्या जिफमध्ये कामाचा रंग एकच होता, आणि नेमका तोच गायब होता.

फाइल उघडल्यावर

जुनं जिफ ३२० बाय १८० पिक्सेलचं, सुमारे अडीच एमबीचं. कुठल्याशा फुकटच्या ऑनलाइन कन्व्हर्टरमधून काढलेलं. मूळ फोटो नऊ, पण फ्रेम साठेक. एक फोटो विरघळत दुसरा उगवावा असा इफेक्ट मध्ये टाकलेला. फ्रेममध्ये पान तर होतंच, शिवाय मागे ढगाळ आभाळ, काळी जमीन, ठिबकची नळी, शेजारच्या झाडावरची निळी पिशवी आणि एका कोपऱ्यात कुणाचा तरी लाल गमछा.

इथे जिफची घडण थोडी सांगायला हवी, कारण लोकांची समजूत असते की फाइल दाबली म्हणून चित्र फाटतं. जिफमध्ये तसं होत नाही. हा प्रकार १९८७ सालचा, कॉम्प्युसर्व्ह कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या चमूने केलेला. १९८९च्या आवृत्तीत दोन फ्रेममधला विराम आणि पारदर्शकता आली. त्यातली एलझेडडब्ल्यू ही दाबण्याची रीत काहीच गाळत नाही. जे आत गेलं तेच बाहेर येतं. नुकसान त्याच्या आधी होतं, रंग निवडताना. साध्या फोटोतला प्रत्येक पिक्सेल १,६७,७७,२१६ रंगांपैकी कुठलाही असू शकतो. जिफच्या एका पॅलेटमध्ये, म्हणजे रंगांच्या यादीत, जागा फक्त २५६. बाकीच्यांना जवळच्या रंगात जाऊन बसावं लागतं.

आता हे २५६ कोण निवडतं? बहुतेक साधनं पॉल हेकबर्ट यांनी १९८२मध्ये मांडलेल्या मीडियन कट पद्धतीच्या घराण्यातली आहेत. ती चित्रातले सगळे रंग एका पेटीत टाकतात, पेटीचे दोन भाग करतात, त्या भागांचे पुन्हा भाग, आणि हे करताना कुठल्या रंगाचे पिक्सेल किती, हे मोजत जातात. ज्याची संख्या मोठी, त्याला घरं जास्त. पोर्ट्रेटला, निसर्गदृश्याला हे ठीक चालतं. आमच्या पानाला ते महागात पडलं. हिशेब करून बघा: ३२० बाय १८० म्हणजे ५७,६०० पिक्सेल. त्या आकारात एक पिवळी रेघ दोन पिक्सेल जाड आणि सहा लांब, म्हणजे बारा पिक्सेल. अशा तीस रेघा धरल्या तरी ३६०. पाऊण टक्कासुद्धा नाही. त्याच फ्रेममध्ये आभाळाने मात्र चौथाई जागा अडवलेली, आणि ढगांच्या करड्या छटांना पॅलेटमध्ये भरपूर घरं मिळालेली. एकाच मोटारीवर शिवारातले सगळे व्हॉल्व्ह उघडे सोडले की शेवटच्या ओळीतल्या झाडाला थेंब पोचत नाही, तसं पिवळ्याचं झालं होतं. त्याला स्वतःचं घर न मिळाल्याने तो जवळच्या पोपटी हिरव्यात मिसळून गेला.

आणि ते खोटे ठिपके? ते डिदरिंगचे. पॅलेटमध्ये नसलेला रंग भासवायला जवळचे दोन रंग पिक्सेलगणिक आलटून पालटून पेरतात, त्याला डिदरिंग म्हणतात. सर्वांत प्रसिद्ध रीत फ्लॉइड-स्टाइनबर्ग, १९७६ची. एका पिक्सेलला रंग बसवताना जी चूक झाली ती शेजारच्या पिक्सेलांवर वाटून द्यायची. फोटोत ती छान दिसते. पण आमच्या पॅलेटमध्ये हिरव्याच्या छटा कमी, म्हणून निरोगी हिरव्या भागात गडद हिरवा आणि मातीचा तपकिरी असे ठिपके पेरले गेले होते. प्रोजेक्टरवर चार पट मोठं झाल्यावर ते थेट करप्यासारखे दिसत. शिवाय दर फ्रेमला ही पेरणी बदलते, त्यामुळे ठिपके वळवळतात. आप्पांना दिसलं ते बरोबरच होतं.

मूळ फोटो

ताईची अपेक्षा होती की मी तेच जिफ "सुधारून" देईन. तसं करता येत नाही. जो रंग २५६ मधून वगळला गेला तो त्या फाइलमध्ये कुठेच उरलेला नसतो. हल्लीची एआय साधनं चित्र मोठं आणि गुळगुळीत करून देतात खरी, पण ती गुळगुळीत करताना अंदाजाने भरतात. रोगाच्या चित्रात अंदाज कशाला हवा? म्हणून मूळ फोटो मागितले. आधी आले ते व्हॉट्सॲपवरून आलेले, म्हणजे लहान केलेले आणि पुन्हा दाबलेले. त्यात एक बारीक गोम आहे. जेपेगमध्ये आणि व्हिडिओत उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलला ठेवतात, पण रंगाची माहिती बहुधा दोन बाय दोनच्या चौकोनाला एकच. माणसाच्या डोळ्याला रंगातला एवढा फरक सहसा कळत नाही, म्हणून ती बचत. पण हिरव्या पानावरची पिवळी रेघ उजेडापेक्षा रंगानेच जास्त वेगळी असते. ती दोन पिक्सेल जाड असेल तर या बचतीत तिची कड शेजारच्या हिरव्यात पाझरते. फोनमधला मूळ फोटोही असाच साठवलेला असतो, पण तो चार हजार पिक्सेल रुंद. तो लहान करताना रंगाची माहिती पुरून उरते. ताईने नंतर तेच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवले आणि एवढ्या एका बदलाने रेघ स्पष्ट झाली. माझं काम अजून सुरूही झालं नव्हतं.

फोटो मोठे करून बघताना आणखी एक गोष्ट हाती लागली. ताईने पान ओळखू यावं म्हणून देठाजवळ प्लास्टिकची पांढरी पट्टी बांधून त्यावर मार्करने क्रमांक घातला होता. ती पट्टी प्रत्येक फोटोत होती. ढगाळ दिवशी तिला निळसर झाक, उन्हाच्या दिवशी ती स्वच्छ पांढरी, आणि संध्याकाळी काढलेल्या एका फोटोत चक्क केशरी. फोन आपल्या मनाने व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंगांची झाक ठरवणारं सेटिंग, बदलत होता, म्हणून जिफमध्ये पान दर फोटोला रंग बदलत होतं, आणि एकाच हिरव्याचे नऊ अवतार पॅलेटमध्ये नऊ जागा अडवत होते. पट्टी सगळीकडे एकसारखी पांढरी दिसेल असं रंगाचं संतुलन एकेका फोटोवर केलं. संध्याकाळचा फोटो मात्र काढूनच टाकला. त्यात अख्खं पानच पिवळं दिसत होतं. ते ओढून ताणून हिरवं करण्यात अर्थ नव्हता. आठ उरले.

पट्टीचा दुसरा उपयोग फोटो एकावर एक बसवायला झाला. केळीचं पान वाऱ्याने हलतं, फाटतं, दोन दिवसांत वाकतंही. पट्टीचं टोक आणि मधल्या शिरेवरची एक जुनी चीर, या दोन खुणा धरून जिंप या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये थर जुळवले. तंतोतंत जुळले नाहीत, जुळणारही नव्हते, पण तीच रेघ पुढच्या फ्रेममध्ये डोळ्याला शोधावी लागू नये एवढं साधलं.

रंगांची वाटणी

जिफच्या क्वालिटीचं बरंचसं काम इथेच होतं, आणि एक्सपोर्टच्या खिडकीतल्या बटणांशी त्याचा संबंध कमी. पहिल्यांदा क्रॉप. आभाळ, नळी, पिशवी, गमछा सगळं बाहेर. कडेला जे उरलं ते पानाच्या आकाराने कापून त्या जागी एकच सपाट करडा रंग भरला. पांढरा भरला असता तर प्रोजेक्टरवर डोळे दिपतात आणि पिवळा आणखी फिका पडतो. काळ्यावर पान पेटल्यासारखं चमकतं. करडा बरा. पार्श्वभूमीने आधी पॅलेटची अर्धीअधिक घरं खाल्ली होती, आता तिला एक पुरलं. आणि एलझेडडब्ल्यूला सपाट रंगाच्या लांबच लांब ओळी फार मानवतात, त्यामुळे फाइलही आपोआप लहान झाली.

मग तो विरघळण्याचा इफेक्ट काढला. दोन फोटो एकमेकांत मिसळताना मधल्या प्रत्येक फ्रेमला असे रंग तयार होतात जे खऱ्या पानावर कधी नव्हतेच, आणि तेही पॅलेटमध्ये जागा मागतात. साठ फ्रेमच्या जागी आठ. प्रत्येक फोटो दीड सेकंद थांबतो, शेवटचा तीन. जिफमध्ये हा वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात लिहितात, म्हणजे १५० आणि ३००. ताईला आधी वाटलं की हे स्लाइड शोसारखं दिसेल. दिसतंच. पण शेतकऱ्याला रेघ बघायला दीड सेकंद तरी हवा. फोटो विरघळताना डोळा नुसता विरघळण्याकडेच जातो.

आता पिवळा. एवढी साफसफाई करूनही मीडियन कटने बहुमताचाच कौल दिला असता, कारण पान मुख्यतः हिरवंच. उपाय साधा आहे, पण तो फारसा कुणी करत नाही: पॅलेट त्या चित्रावरून काढायचंच नाही. एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या साधनात हे दोन पायऱ्यांत होतं. पॅलेटजेन फिल्टर एका चित्रातून २५६ रंग काढतो, आणि पॅलेटयूज ते दुसऱ्या चित्रावर बसवतो. पहिल्या पायरीला कुठलं चित्र द्यायचं हे आपल्या हातात. म्हणून नमुन्यांचा एक वेगळा तक्ता केला. आठही फोटोंतले पिवळ्या रेघांचे तुकडे कापले, तपकिरी ठिपक्यांच्या कडा कापल्या, राखाडी पडलेला मध्य कापला, निरोगी हिरव्याचे उन्हातले आणि सावलीतले तुकडे घेतले, आणि सगळे एका चित्रात मांडले. रेघांचे तुकडे मुद्दाम कित्येक पट मोठे केले. मोठे करताना नीअरेस्ट नेबर ही रीत वापरली, कारण बाकीच्या रिती दोन पिक्सेलांच्या मध्ये नवे मिश्र रंग तयार करतात. त्या तक्त्यावर पिवळ्याची संख्या मोठी, म्हणून पॅलेटमध्ये त्याला घरंही भरपूर. मोजणाऱ्याने मोजायचं तेच मोजलं, फक्त काय मोजायला द्यायचं ते आपण ठरवलं.

वाटणी किती असावी हे मात्र करून बघावं लागतं. पिवळ्याला अर्धा तक्ता दिला तेव्हा रेघा सुरेख आल्या, पण निरोगी पानावर हिरव्याच्या पायऱ्या पडल्या. मधल्या शिरेपासून कडेपर्यंत जो मऊ उतार असतो तो पट्ट्यापट्ट्यांचा झाला. अगदीच कमी दिला तर पुन्हा पोपटी. शेवटी तक्त्याचा साधारण निम्मा भाग हिरव्याला, चौथाई पिवळ्या आणि पिवळसर हिरव्याला, उरलेला तपकिरी, राखाडी आणि पार्श्वभूमीला, असं ठेवलं. पारदर्शकतेसाठी पॅलेटजेन एक घर राखून ठेवतो; ते इथे लागत नव्हतं, म्हणून तेही सोडवून घेतलं. आठही फ्रेमना एकच सामाईक पॅलेट ठेवलं. प्रत्येक फ्रेमला स्वतःचं पॅलेट देता येतं, त्याला फ्रेममागे ७६८ बाइट जास्त लागतात, म्हणजे काहीच नाही. पण मग तोच निरोगी कोपरा दर फ्रेमला किंचित वेगळ्या हिरव्यात येतो आणि बघणाऱ्याला वाटतं तिथे काहीतरी होतंय. आमच्या कामाला स्थिर हिरवा हवा होता.

खोटे ठिपके कसे घालवले

डिदरिंगचा प्रश्न उरला होता, आणि मला तोच जास्त गंभीर वाटत होता. पिवळी रेघ न दिसणं वाईट खरं, पण चांगल्या बागेतला माणूस घरी जाऊन नसलेला रोग शोधत बसला आणि औषधाला पैसे घातले तर ते त्याहून वाईट. म्हणून कसोटी ठरवली: रोग नसलेल्या पानाचा एक फोटो घ्यायचा, तो याच सगळ्या पायऱ्यांतून काढायचा, आणि त्यावर एकही ठिपका दिसता कामा नये. दिसला तर सेटिंग नापास, रोगाचं पान त्यात कितीही देखणं दिसो.

फ्लॉइड-स्टाइनबर्ग या कसोटीत लगेच गेलं. डिदरिंग पूर्ण बंद केलं तर ठिपके गेले, पण मधल्या शिरेजवळ पट्टे पडले. बायर ही डिदरिंगची पद्धत वेगळी आहे. तीत ठिपक्यांची जाळी ठरलेली असते आणि ती पडद्यावरच्या जागेला बांधलेली असते, म्हणून फ्रेम बदलली तरी ती वळवळत नाही. अडचण एवढीच की एफएफएमपेगच्या मूळ सेटिंगला ती जाळी उघड दिसते, आणि केळीच्या पानाला आधीच समांतर शिरा. जाळी आणि शिरा एकमेकांत गुंतून पानावर लहरी उठल्या. बायर स्केल शून्य ते पाच असं ठरवता येतं. आकडा वाढवला की जाळी फिकी होते आणि पट्टे थोडे वाढतात. चारवर निरोगी पान स्वच्छ आलं. पट्टे अगदी नव्हते असं नाही, पण हिरव्याला आता पुरेशा छटा असल्यामुळे ते जवळून बघणाऱ्यालाच कळतील इतके.

दोन मोह टाळावे लागले. पहिला शार्पनचा. फोटो लहान केला की जरा मऊ वाटतो, आणि हात सवयीने शार्पनकडे जातो. शार्पन काय करतं? गडद कडेच्या बाहेर एक उजळ किनार काढतं. तपकिरी ठिपक्याभोवती उजळ किनार म्हणजे करप्याचीच ओळख! ज्या ठिपक्याला पिवळी कडा अजून आलेली नव्हती त्यालाही ती आल्यासारखी दिसली. चित्राचं माप बदलायच्या लॅन्झॉस पद्धतीने एकाच टप्प्यात थेट हव्या त्या मापाला आणलं, आणि शार्पन लावलंच नाही.

दुसरा मोह गिफसिकल या जिफ लहान करायच्या साधनातल्या लॉसी, म्हणजे थोडं गाळणाऱ्या, पर्यायाचा. फाइल लहान करायला तो फार कामाचा, मी एरवी वापरतो. पण तो एलझेडडब्ल्यूला सोयीचं व्हावं म्हणून आडव्या ओळीत जवळपासचे पिक्सेल बदलतो, आणि त्याचा कचरा आडव्या रेघोट्यांसारखा पडतो. पानावर आडव्या बारीक रेघोट्या. नको. त्याच गिफसिकलचं काहीही न गाळणारं ऑप्टिमायझेशन तेवढं वापरलं.

शेवटची फाइल ७२० बाय ५४० पिक्सेल, सव्वा एमबीच्या आत. जुन्यापेक्षा चित्र कितीतरी मोठं आणि वजन निम्मं. ताईला आधी हे पटेना, कारण "एचडी म्हणजे जड" हे समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं. जुन्या फाइलचं वजन पानाचं नव्हतंच. आभाळ, विरघळणं आणि वळवळणारे ठिपके यांचं होतं.

बैठकीत आणि फोनवर

प्रोजेक्टरचा वेगळा धडा. बैठका दिवसा, समाजमंदिरात नाहीतर पंचायतीच्या हॉलमध्ये, खिडक्या उघड्या. अशा उजेडात प्रोजेक्टरवरचे फिके रंग सगळ्यांत आधी जातात आणि आपला पिवळा त्यांच्यातलाच. म्हणून स्लाइडवर जिफ पूर्ण पडदाभर ताणायचं नाही, मूळ मापाच्या जवळपास ठेवायचं, आणि शेजारी त्याच रेघेचा एक मोठा स्थिर फोटो लावायचा, असं ठरवलं. तो फोटो साधा जेपेग, त्याला २५६ची अट नाही. जिफने प्रवास दाखवायचा, फोटोने खूण पटवायची.

व्हॉट्सॲपसाठी तर जिफ पाठवूच नका असं मी ताईला सांगितलं. व्हॉट्सॲपवर जिफ म्हणून जे फिरतं तो मुका एमपी४ व्हिडिओच असतो; पाठवलेल्या जिफचं तिथे पुन्हा रूपांतर होतं, म्हणजे आधी २५६ रंगांचा फटका आणि वर व्हिडिओच्या दाबणीचा. त्यापेक्षा मूळ फोटोंवरून सरळ एमपी४ करून पाठवला तर रंगही पूर्ण आणि फाइलही लहान. ॲनिमेटेड वेबपी आणि एपीएनजी हे हलत्या चित्रांचे नवे प्रकारही चांगले पर्याय आहेत, दोन्हीत रंगांची अशी अडचण नाही. पण गटाच्या लॅपटॉपवरचं पॉवरपॉइंट जुनं, आणि बैठकीच्या दिवशी गावात नेट असेलच याचा भरवसा नाही. तिथे जिफ चालतं, प्लेअर लागत नाही, आवाज नाही, बटण दाबायला नको. चाळीस वर्षांकडे आलेला हा प्रकार अजून टिकून आहे तो अशाच ठिकाणी.

नवं जिफ ताईने त्याच गावात पुन्हा लावलं. काही समजावून न सांगता. आधी निरोगी पान दाखवलं आणि विचारलं, काय दिसतं? "काही नही, चांगलं पान हाये," असं दोघा-तिघांनी सांगितलं. मग जिफ सुरू केलं. दुसऱ्या फ्रेमलाच मागून आवाज आला, "हे बघ, शिरंच्या बाजूले पिवयं धरलं." आप्पा उठून पडद्याजवळ गेले आणि बोटाने रेघा दाखवू लागले, त्यांची सावली पानावर पडली म्हणून बाकीच्यांनी त्यांना खाली बसवलं. एक बोट मात्र चुकीच्या जागी पडलं होतं: शेवटच्या फ्रेममध्ये मधल्या शिरेच्या डाव्या अंगाला, जिथे बायरची जाळी आणि उन्हाची तिरीप एकत्र आली होती. तेवढा भाग नंतर मूळ फोटोतच थोडा सावरून घेतला आणि त्या फ्रेमला सावलीतला हिरवा आणखी थोडा पुरवला.

हरण्याचं काय

हे जमल्यावर ताईने हरण्याचे फोटो पुढे केले. हरण्या म्हणजे काकडीवरच्या मोझॅक विषाणूने केळीला होणारा रोग, मावा ही कीड तो पसरवते. तो करप्यापासून वेगळा ओळखता येणं फार गरजेचं आहे, कारण करप्यात पानाचा रोगट भाग काढतात, आणि हरण्यात झाड मुळासकट उपटून नष्ट करावं लागतं. एकाच्या जागी दुसरा समजला तर एक तर चांगलं झाड जातं, नाहीतर रोगी झाड बागेत राहतं.

पण त्याची लक्षणं जिफच्या अगदी विरुद्ध स्वभावाची निघाली. करप्यात रेघेला निदान कड होती. हरण्यात सुरुवातीला हिरव्यावरच फिक्या हिरव्याचे तुटक पट्टे, कडा मऊ, एका छटेतून दुसरीत हळूच उतरलेले. अशा मऊ उतारालाच सगळ्यांत जास्त छटा लागतात. नमुन्यांचा तक्ता करून बघितला, वाटणी बदलून बघितली. डिदरिंग चालू ठेवलं की निरोगी पानावर मोझॅक उमटायचा, बंद केलं की रोगी पानावरचा मोझॅक पट्ट्यांत बदलायचा. गिफस्की हे साधन फ्रेमगणिक पॅलेट बदलून खूप जास्त छटा भासवतं, ते वापरल्यावर एकेक फ्रेम सुरेख आली; पण फ्रेम पुढे सरकली की फिक्या पट्ट्यांच्या कडा हलत होत्या आणि विषाणू जागा बदलतोय असं वाटत होतं. निरोगी पानाच्या कसोटीत एकही सेटिंग उतरलं नाही.

म्हणून हरण्याचं जिफ केलं नाही. करप्याचं पान, हरण्याचं पान आणि निरोगी पान, असे तीन जेपेग, एकाच उजेडात, पांढरी पट्टी लावून काढलेले, एका स्लाइडवर शेजारी शेजारी ठेवले. ताईने पुढच्या बैठकीसाठी त्यांची ए३ आकारात छपाईही मागितली, म्हणजे लाइट गेली तरी दाखवता येतील. छपाईचे रंग हा वेगळाच घोळ. पिवळ्या शाईचं कार्ट्रिज नवं टाकून तो पहिला कागद काढला.